बुजणाऱ्या घोड्याचा गुन्हा काय?

आषाढ लागला की पारनेर-नगरच्या पठारावरचा वारा दिवसदिवस खाली बसत नाही. सह्याद्रीने पाऊस घाटमाथ्यावरच उतरवून घ्यायचा आणि रिता झालेला वारा तेवढा पूर्वेकडे सोडायचा, असा हा पर्जन्यछायेचा मुलूख. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी, नेवाशाला, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात वारा येतो तो मनाच्या रूपाने. अर्जुनाची तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे: मन आवरणं हे वारा आवरण्याइतकंच कठीण. त्याहून जुन्या कठोपनिषदात हीच अडचण घोड्यांच्या रूपाने मांडली आहे. शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रियं घोडे. ही दोन्ही चित्रं कीर्तनांत आणि प्रवचनांत इतकी रुळली आहेत की त्यांच्याकडे चित्र म्हणून आता कुणी पाहत नाही. मला विचारायचा प्रश्न ती शेजारी शेजारी ठेवल्यावरच सुचतो. खराखुरा घोडा खऱ्याखुऱ्या वाऱ्यात सापडला की बुजतो, बिथरतो, प्रसंगी उधळतो. यात त्याचा दोष कोणता? आणि दोष नसेल, तर चंचल मनाला आपण पिढ्यानपिढ्या गुन्हेगारासारखं वागवत आलो ते कशाच्या आधारावर?

घोडा वाऱ्याला भितो असं सरसकट म्हटलं जातं, ते तितकंसं खरं नाही. नुसत्या वाऱ्याकडे तो पाठ फिरवतो, मान खाली घालतो, शेपूट पायांत घेतो आणि उभा राहतो. वादळी पावसात माळावरची घोडी अशी वाऱ्याकडे पुठ्ठे करून तासन्तास उभी असतात. त्याला छळतो तो वाऱ्याने केलेला बातम्यांचा घोटाळा. घोडा हा शिकार होणारा प्राणी. शिंगं नाहीत, नख्या नाहीत. बचावाला चार पाय आणि वेळेवर मिळालेली सूचना एवढंच भांडवल. म्हणून त्याचं सगळं डोकं सूचना गोळा करण्यासाठी घडलेलं आहे. डोळे दोन बाजूंना, त्यामुळे कपाळापुढचा थोडा भाग आणि शेपटीमागची चिंचोळी पट्टी सोडली तर जवळजवळ ३५० अंशांचा परिसर त्याला मान न वळवता दिसतो. त्या डोळ्याला माणसाच्या डोळ्याइतका बारकावा कळत नाही, पण कडेला काही हललं तर ते त्याच्या नजरेतून सुटत नाही. कान एकमेकांना न विचारता दोन दिशांना फिरतात आणि साधारण ३३,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिपतात; माणसाची हद्द २०,०००ला संपते. एवढं असूनही आवाज नेमका कुठून आला हे ठरवण्यात घोडा कच्चा आहे. हेफ्नर दांपत्याच्या प्रयोगांवरून दिसतं की माणसाला दोन दिशांमधला एखाद्या अंशाचा फरक कळतो, तिथे घोड्याला पंचवीसेक अंशांचा फरक लागतो. म्हणजे काहीतरी आहे हे त्याला लवकर कळतं, कुठे आहे हे उशिरा. मधल्या क्षणात तो मान उंचावतो, कान टवकारतो, नाकपुड्या फुलवतो आणि डोळ्यांनी व नाकाने खात्री करून घेतो.

शांत हवेत ही खात्री पटते आणि घोडा पुन्हा चरू लागतो. वाऱ्यात ती पटण्याचे सगळे रस्ते एकदम बंद होतात. डाळिंबाच्या बागेवरची जाळी फडफडते, कांदाचाळीचा सुटलेला पत्रा आपटतो, शेतात अंथरलेल्या मल्चिंग पेपरचं एक टोक उठतं आणि पडतं, पलीकडे ऊस सळसळत असतो. सगळंच हलायला लागल्यावर हालचालीवरून धोका ओळखायची सोय उरत नाही. वाऱ्याबरोबर येणारा आवाज लांबून पोचतो, वाऱ्याविरुद्ध येणारा वरच्या वर वळून विरतो. एका अंगाची बातमी जास्त आणि दुसऱ्या अंगाची शून्य. वासाचंही तेच. माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवणारं हे जनावर, त्याच्या आयाळीत आणि पोटाखाली वारा शिरतो. त्यात स्वाराचा रेनकोट फडफडला तर तो आवाज नेमका पाठीवरून येतो, म्हणजे जिथे बिबट्याची उडी पडायची तिथून. अकोले-संगमनेरच्या उसात बिबट्या आजही आहे, तेव्हा ही भीती निव्वळ पूर्वजांची आठवण म्हणून झटकता येत नाही. घोड्याच्या जागी बसून हिशेब केला तर तो सरळ आहे. उगीच उडी मारली तर चार घटकांचा दम वाया जातो. मारायची राहिली तर जीव जातो. अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यायची वेळ आली की नुकसान कमी त्या बाजूला झुकायचं, हे कुठल्याही व्यवहारी माणसाला पटण्यासारखं धोरण आहे. बुजणं ही अवज्ञा नसते. ज्याच्या हाती पुरेशी बातमी नाही अशा पहारेकऱ्याने मारलेली ती हाक असते.

मग उपनिषदातले दुष्ट घोडे कुठून आले? कठोपनिषदाचा तो भाग सावकाश वाचला तर वेगळंच दिसतं. जो सारथी विवेकहीन आणि ज्याचं मन नीट जुंपलेलं नाही, त्याची इंद्रियं दुष्ट घोड्यांसारखी होतात. जो विवेकी आहे त्याची भल्या घोड्यांसारखी. घोडे बदललेले नाहीत, सारथी बदलला आहे. दुष्टपणा हा घोड्याच्या जातीचा गुण म्हणून तिथे येत नाही, सारथ्याच्या अवस्थेचा परिणाम म्हणून येतो. पुढच्या उपदेशकांनी हा अर्धा भाग गाळला आणि इंद्रियं मुळातच नाठाळ असं धरून चाबकाचं वर्णन वाढवत नेलं. मूळ वाक्य त्यांच्यापेक्षा घोड्यांच्या जवळचं आहे. याला अगदी अलीकडचा पुरावा आहे. स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यावर बसून किंवा त्याला हाताने धरून लोकांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अनेक फेऱ्या मारायच्या. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितलं गेलं की आता वाटेत घोड्यासमोर छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या काळजाचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. घोड्याने पाहिलं काहीच नव्हतं. त्याला फक्त वर बसलेल्याची किंवा शेजारून चालणाऱ्याची भीती पोचली होती. वाऱ्याच्या दिवशी नेमकं हेच घडतं. झाड हललं म्हणून घोडा दचकेल या धास्तीने स्वार आधीच मांड्या आवळतो, श्वास रोखतो, लगाम आखडतो. घोड्याला त्यातून एवढंच कळतं की वरच्याला काहीतरी दिसलं आहे. मग तो बुजतो आणि स्वार म्हणतो, बघा, म्हटलं नव्हतं?

इथे कुणी म्हणेल की रूपकाला एवढं पिळायचं नसतं. ऋषींना अश्वविद्या शिकवायची नव्हती, इंद्रियसंयम शिकवायचा होता, आणि घोडा हे निमित्त. आक्षेप वरवर रास्त आहे. पण रूपकं फुकट मिळत नाहीत. ज्या समाजात रथ हाकणं रोजचं होतं त्यातल्या ऐकणाऱ्याला घोडा, लगाम, सारथी म्हटल्यावर अनुभवाची एक मोठी शिदोरी आपोआप मिळत होती, आणि उपदेशाचा अर्धा अर्थ तो त्या शिदोरीतून काढत होता. आपली शिदोरी संपली. आज या भागात घोडा दिसतो तो वरातीपुढे नाचताना, नाहीतर धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहताना. त्यामुळे लगाम म्हटल्यावर आपल्याला ब्रेक आठवतो. घोडं हाकणाऱ्याला मात्र माहीत असतं की वाऱ्यात दोन्ही लगाम एकदम खेचले की घोड्याचं डोकं वर जातं, पाठ आत दबते, पुढचे पाय हलके होतात आणि ज्याला पळून जीव वाचवायचा आहे त्याला आपण कोंडला असं वाटतं. कोंडलेला घोडा उभा ठाकतो किंवा उधळतो. जाणता स्वार एकच लगाम मागतो, घोड्याला मोठ्या फेरावर घेतो, टाचेने पुढे चालायला सांगतो, त्याच्या पायांना आणि डोक्याला काम देतो, आणि मान थोडी खाली आली की लगाम तत्काळ सैल करतो. निग्रह या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे येणारी कृती आणि प्रत्यक्षात घोडा ताब्यात आणणारी कृती या दोन उलट दिशांच्या आहेत. रूपक खरं मानायचं असेल तर दुसरी दिशा धरायला हवी.

ज्ञानेश्वरांनी ती धरली होती, हे मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गीतेत कृष्ण सांगतो की हळूहळू, धीर धरून मनाला थांबवावं, आणि ते जिथे जिथे धावेल तिथून तिथून परत आणावं. ज्ञानेश्वर या ठिकाणी एक पाऊल पुढे टाकतात. एक नियम मनाशी पक्का करावा, तेवढ्याने चित्त स्थिरावलं तर उत्तमच. नाही स्थिरावलं तर त्याला मोकळं सोडून द्यावं, असं ते सांगतात. सोडलेलं ते जिथे जाईल तिथून तो नियमच त्याला घेऊन येईल, आणि अशा येरझाऱ्यांतून त्याला स्थिर राहण्याची सवय लागेल. पुढे आणखी एक बारीक निरीक्षण आहे. मनाचा एक गुण चांगला आहे, त्याला जिथे गोडी लागते तिथे ते सोकावतं. म्हणून त्याला आत्मसुखाची गोडी दाखवत जावी. तेराव्या शतकातल्या एका तरुणाने घोड्यांचं शास्त्र लिहिलेलं नाही, हे मान्य. तरी मनाच्या चंचलतेकडे पाप म्हणून न पाहता स्वभाव म्हणून पाहायचं आणि त्या स्वभावातलीच एखादी सोय वापरायची, ही नजर चांगल्या चाबुकस्वाराची आहे. मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हेही त्यात आलंच, कारण नियम आधी पक्का केलेला आहे. डेन्मार्कमध्ये यान्ने विंटर क्रिस्टन्सेन यांनी २००६ मध्ये दोन वर्षांच्या घोड्यांना हलत्या पांढऱ्या नायलॉन पिशवीची सवय करून पाहिली. काहींना पिशवी एकदम पूर्ण जोरात दाखवली, काहींना खाऊबरोबर, काहींना थोडी थोडी वाढवत. थोडी थोडी वाढवलेल्या गटात उधळणं सर्वांत कमी झालं. खाऊचा गट त्याला मागे टाकू शकला नाही, तेव्हा गोडीचा मुद्दा या प्रयोगाने सिद्ध होतो असं म्हणता येणार नाही. गीतेतलं ते हळूहळू मात्र सिद्ध होतं.

याच अध्यायातला दिवा मात्र माझ्या म्हणण्याच्या आड येतो. योग्याचं चित्त निवाऱ्यातल्या, वारा नसलेल्या जागीच्या दिव्यासारखं असतं असं गीता म्हणते. म्हणजे आदर्श अवस्था वाऱ्याविना आहे, वाऱ्यात टिकून राहण्याची नाही, असा अर्थ कुणी काढला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. वारा थांबवण्याची आस धर्माला नेहमीच होती. याच जिल्ह्यात शिर्डीला, साईसच्चरिताच्या अकराव्या अध्यायात, वादळाने गाव आणि गुरंढोरं हवालदिल होतात, सगळे मशिदीत आसरा घेतात आणि बाबा बाहेर येऊन वादळाला थांबायला फर्मावतात, ते थांबतं. भक्ताला यातून मिळणारा दिलासा खरा आहे आणि त्याच्याशी वाद घालण्याचं कारण नाही. पण ती कृपा आहे, ती मागता येते, तिचा सराव करता येत नाही. दिव्याचंही तसंच. दिव्याला निवारा लागतो कारण त्याला वाऱ्यात शिकता येत नाही. आज वाऱ्यात विझलेला दिवा उद्या जास्त चिवट होत नाही. घोडा होतो. म्हणून ध्यानाला बसलेल्या घटकेपुरतं दिव्याचं चित्र योग्यच आहे, आणि उठून बाजारात, शेतात, कचेरीत गेल्यावर घोड्याचं. घोड्याला झापडं बांधून निवारा देता येतो, टांग्याच्या घोड्याला बांधतातही. मागून येणारी मोटार न दिसल्याने त्याचं दचकणं कमी होतं हे खरं. मात्र ज्याचा आवाज येतो ते दिसत नाही अशी त्याची अवस्था कायमची होते, आणि झापड सुटलं की त्याला जुनीच गाडी नवी वाटते. इंद्रियं आत ओढून घेणाऱ्या कासवाची शिकवण ज्यांनी आयुष्यभराची झापडं म्हणून वापरली, त्यांच्या साधनेला हा धोका असतोच.

वाऱ्यात शिकलेला घोडा पाहायचा तर आषाढी वारीच्या रिंगणाइतकी दुसरी जागा नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून नगरवरून पंढरीला जाते. माउलींची आळंदीहून सातारा-सोलापूरच्या वाटेने. माउलींच्या सोहळ्यातले दोन अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण त्यावर माउली बसतात अशी श्रद्धा. सदाशिवनगर, खुडूस, वाखरी अशा ठिकाणी हजारो माणसांच्या कड्याच्या मधून हे अश्व धावतात. घोड्याला बुजवण्यासाठी कुणी मुद्दाम यादी केली असती तर तीत याहून वेगळं काय आलं असतं? पावसाळी वारा, शेकडो पताकांची फडफड, टाळ-मृदंगाचा गजर, चारी बाजूंनी माणसं, आणि टापांखालची माती कपाळी लावायला धावणारे हात. तरी रिकाम्या पाठीचा अश्व, ज्याचा लगाम कुणाच्याही हातात नाही, रिंगण पुरं करतो. रिंगणात कधीच काही बिनसत नाही असं नव्हे. पण बहुतेक वेळा ते पार पडतं, आणि त्याचं एक कारण पुढे धावणारा दुसरा अश्व हे आहे. क्रिस्टन्सेन यांच्याच २००८ च्या अभ्यासात असं दिसलं की भीतीच्या वस्तूला सरावलेला सोबती बरोबर असला तर नवखा घोडा कमी घाबरतो, आणि नंतर एकटा त्या वस्तूसमोर गेला तरी त्याची भीती कमीच राहते. आपल्याकडे सत्संगाचं माहात्म्य सांगताना संतांच्या वाणीवर भर असतो. घोड्यांच्या बाबतीत वाणीचा प्रश्नच नाही. जो घाबरत नाही त्याच्या शेजारी असणं, एवढ्यावर भागतं. संप्रदायाने दिंडीत माणसं एकत्र चालवली, एकेकट्याला गुहेत पाठवलं नाही, यामागे माणसाच्या मनाची हीच ओळख असावी असं मला वाटतं.

इथवर मान्य करूनही एक जण अडून बसेल. घोड्याला कळत नाही की फडफडणारी वस्तू प्लास्टिकची पिशवी आहे, माणसाला कळतं. कळत असूनही जो डगमगतो त्याला दोष का देऊ नये? झेन परंपरेतली कथा तर याच्याही पुढे जाते. ध्वज हलतो की वारा हलतो यावर दोघे भिक्षू वाद घालत होते. हुइनेंग म्हणाला, दोन्ही हलत नाहीत, हलतं आहे ते तुमचं मन. वाक्य झकास आहे आणि भिक्षूंचा वाद मिटवायला पुरेसं आहे. घोड्यापुढे ते टिकत नाही. ध्वज हलतो आहे, वाराही हलतो आहे, आणि त्यांची दखल घेणारं मन जिवंत आहे म्हणून हलतं आहे. कळण्याचा आणि दचकण्याचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो, हे स्टोइकांना ठाऊक होतं. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस एका समुद्रप्रवासाची हकिकत सांगतो. वादळ उठलं आणि जहाजावरचा नामांकित स्टोइक तत्त्वज्ञ इतरांसारखाच पांढराफटक पडला. किनाऱ्याला लागल्यावर गेलियसने कारण विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसचं पुस्तक काढून दाखवलं. पहिला धक्का ज्ञान्यालाही बसतो, त्यावर त्याचा ताबा नसतो. ज्ञानी वेगळा ठरतो तो त्या धक्क्याला होकार न दिल्यामुळे. म्हणजे दोष ठरवायचाच तर तो दचकण्याच्या पुढच्या क्षणी सुरू होतो. घोडा बाजूला उडी मारतो ती पहिली हालचाल. त्यानंतर तो थांबून वळून पाहतो की गाव ओलांडेपर्यंत पळतो, हे शिक्षणाने ठरतं, आणि शिक्षण दिलेलं असतं स्वाराने. माणसाच्या बाबतीत स्वारही तोच असल्यामुळे जबाबदारी वाढते खरी. पण ती शिक्षणाची जबाबदारी आहे. दचकल्याबद्दल शिक्षा भोगण्याची नाही.

अशाने घोडे शेफारतात, हा शेवटचा आणि सर्वांत जुना आक्षेप. त्यात तथ्य आहे. वाऱ्याच्या निमित्ताने काम टाळायला शिकलेली घोडी असतात, जशी मनं असतात. फरक ओळखता मात्र येतो. खरा बुजलेला घोडा मान ताठ करतो, डोळ्यावरच्या कातडीला आठी पडते, श्वास अडकतो आणि मग एकदम फुरफुर बाहेर पडते. दोन्ही कान भीतीच्या वस्तूवर रोखलेले असतात. बहाणा करणाऱ्याचा एक कान स्वाराकडे असतो आणि त्याची सगळी पावलं तबेल्याच्या दिशेने वळतात. दुसऱ्याला खंबीरपणा हवा, यात वाद नाही. बुद्धानेही केशी नावाच्या अश्वशिक्षकाशी बोलताना आपण शिष्यांना सौम्यपणे शिकवतो, कठोरपणेही शिकवतो असं सांगितल्याचं अंगुत्तरनिकायात आहे. पण कठोर म्हणजे काय, तर वाईट वागण्याचे परिणाम स्पष्ट सांगणं, चाबूक नव्हे. पहिल्याला मारण्याचं काय होतं हे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफनने लिहून ठेवलं आहे: बुजलेल्या घोड्याला फटके दिले की ज्याला तो भ्याला त्याच्यामुळेच दुखतं अशी त्याची समजूत होते, आणि भीती दुणावते. झेनोफन कवी नव्हता, लढाया मारलेला सेनानी होता.

तरीही कुणाला अजिबात न बुजणारं वाहनच हवं असेल तर ते नगरमध्येच पाहायला मिळतं. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हिंदुस्थानी रिसाल्यांनी घोडे सोडले आणि पोलादी गाड्या घेतल्या. आज त्या दलाचं प्रशिक्षण केंद्र याच शहरात आहे आणि रणगाड्यांचं प्रसिद्ध संग्रहालयही. तिथल्या रणगाड्याला वारा कळत नाही, फडफड ऐकू येत नाही, वास येत नाही. दांडा ओढला की तो वळतो. इंद्रियं मारून टाकणं हाच योग असता तर योग्याची मूर्ती तिथे उभी आहे असं म्हणावं लागलं असतं. पण त्या गाडीच्या आत बसलेला जवान बाहेरची बातमी मिळावी म्हणून धडपडत असतो, झाकण उघडून डोकं बाहेर काढण्याचा धोका पत्करतो, कारण ज्या वाहनाला काहीच जाणवत नाही ते स्वतः कुणाला सावध करू शकत नाही. रिसाल्यातल्या स्वाराला हे काम घोड्याचे कान करून देत होते. बुजण्याची शक्ती काढून घेतली की सावध करण्याची शक्तीही जाते. त्या दोन नाहीतच, एकच आहे. चंचल मन मारून टाकण्याच्या उपदेशात या नुकसानीचा हिशेब मला कुठेच दिसत नाही.

आता कुणी विचारेल की रणांगणात, कामाच्या घाईत, घोड्याच्या भीतीची इतकी दखल घ्यायला वेळ कुणाला आहे? वारा फारच असेल तर खाली उतरून घोड्याला हाताने धरून चालवावं, हा अनुभवी माणसांचा सल्ला कित्येक स्वारांना नामुष्कीचा वाटतो. त्यांनी द्रोणपर्वातला जयद्रथवधाचा दिवस पाहावा. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायचं नाहीतर अग्निप्रवेश करायचा, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. सूर्य कलायला लागलेला, शत्रू चहूकडे, जयद्रथ अजून लांब. घोडे बाणांनी घायाळ झालेले आणि तहानलेले. अशा वेळी रथ थांबतो. अर्जुन खाली उतरून बाणांचा आडोसा उभारतो, जमिनीतून पाणी काढतो, आणि ज्याने गीता सांगितली तो सारथी घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपटतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो. कौरवांचे योद्धे हे पाहून चकित होतात. मराठी संतांना अर्जुनाचे घोडे धुणारा हा देव गीता सांगणाऱ्या देवाइतकाच जवळचा वाटला. त्यांच्या अभंगांत तो पुन्हा पुन्हा येतो. आपण त्या चित्रातून देवाची नम्रता तेवढी घेतली. त्यात सारथ्याचा हिशेबही आहे: सूर्यास्ताची मुदत पाळायची तर ती याच घोड्यांनी पाळायची होती, आणि घोडे सोडण्यात गेलेला वेळ हा त्या मुदतीतूनच काढलेला होता.